अण्णांची चाळणी

माझे वडील, म्हणजे अण्णा, आईला चाळणी म्हणत. बायकोला कुणी चाळणी म्हणतं का? पण अण्णांच्या तोंडी ती शिवी नव्हती, पदवी होती. आणि त्यांच्याकडून पदवी मिळवणं सोपं नव्हतं. ते विज्ञानाच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, आणि त्यांच्या हातून पास झालेला मुलगा पुढे आयुष्यभर तेच सांगत फिरे.

आई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून लोक वाकून विचारायचे, तेही अर्धवट. "ती गेली का?" कोण ती, कुठे गेली, काही नाही. आई एकदा माणसाकडे बघायची आणि सांगायची, "नाही, अजून लागायची आहे. तिकडे खांबाजवळ उभे राहा." कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट दिसलं की न विचारता दवाखान्याच्या बाजूची गाडी सांगायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं की तुला कसं कळतं. ती म्हणाली, "प्रश्नाकडे काय बघायचं? विचारणाऱ्याकडे बघायचं."

ह्याच गुणावर अण्णांनी तिला कामाला लावलं होतं. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा पदार्थविज्ञानाचा पेपर अण्णा काढत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पेपर कच्चा तयार झाला की ते स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत, मला बाहेर पिटाळत, आणि आईसमोर एकेक प्रश्न वाचत. पुढे मी भाषा विषयाकडे वळले तेव्हा पिटाळणं बंद झालं. माझ्यापासून पदार्थविज्ञानाला काही धोका नाही अशी त्यांची खात्री पटली होती.

आई मोज्यांची भोकं शिवता शिवता ऐकायची आणि म्हणायची, "क."

"का?"

"क सगळ्यात लांब आहे. खरं उत्तर लिहिताना तुम्हाला चुकायची भीती वाटते, म्हणून तुम्ही त्याला 'साधारणपणे' नि 'तापमान तेच राहिल्यास' अशी शेपटं लावता. खोट्याला कोण शेपूट लावतंय!"

अण्णा हसत आणि तो प्रश्न काढून टाकत. नियमच होता तसा. विषयाचं ओ की ठो माहीत नसलेल्या माणसाला जे उत्तर देता येतं, तो विषयाचा प्रश्न नव्हे. तीन आकडे जवळजवळचे असले तर आई मधला सांगायची, कारण पेपर काढणारा खरा आकडा दोन खोट्यांच्या मध्ये लपवतो. बरेचदा तो बरोबर निघायचा. मग अण्णा आकडे बदलत. वर्षागणिक अण्णांचा पेपर ओळखायला अवघड होत गेला आणि आई ओळखण्यात पटाईत होत गेली. त्यातला एक शब्दही त्या स्वयंपाकघराबाहेर कधी गेला नाही, हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोकांना भलत्या शंका येतात.

अण्णांचा आणखी एक अभिमान होता. ते म्हणत, चुकीचा पर्याय म्हणजे खोगीरभरती नव्हे. "प्रत्येक चुकीच्या उत्तराला पत्ता असतो. कुठल्या वळणावर चुकलेला मुलगा इथे येऊन पोचेल, हे मला माहीत असलं पाहिजे." त्यामुळे त्यांचा पेपर तपासला की कोण काय शिकलंय हे तर कळायचंच, कोण कुठे अडखळलंय तेही कळायचं. हे मात्र मान्य करायलाच हवं.

आई स्वतः कॉलेजात गेली नव्हती. शाळा झाली, काही वर्षं घरी बसली, लग्न झालं, मी झाले, मग खिडकी. तिच्या शिकण्याबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं आणि त्यापलीकडे आम्ही विचारलंही नाही. घरात एवढी शिकलेली माणसं असली की न शिकलेल्या माणसाबद्दल कुतूहल उरत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

मग धाकट्या मामाची मुलगी आमच्याकडे राहायला आली. मामेबहीण माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, नुकतीच शाळा संपवलेली. तिला विज्ञानाच्याच कॉलेजात जायचं होतं. ज्या गावी आई वाढली तिथल्याच मुलींच्या शाळेत ती शिकली होती. शाळेला दोन वर्षं विज्ञानाला शिक्षिका नव्हती. जागा रिकामी होती, ती भरली गेली नाही, आणि विज्ञानाच्या तासाला मुलींकडून शिवणकाम करून घेतलं जायचं. मुलगी पुस्तक वाचून जेवढं येईल तेवढं शिकली होती. ती रात्रंदिवस अभ्यास करायची. आई तिच्याकडे बघत राहायची, आणि खिडकीत बसून बघते तसं नाही.

त्याच वर्षी कॉलेजात वाद सुरू झाला. संख्याशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक म्हणाले, विषयाची परीक्षा बंद करा. ती मुलाची नसते, मुलाच्या शाळेची असते. ज्याला चांगला शिक्षक मिळाला तो आत, ज्याला नाही मिळाला तो बाहेर. त्यापेक्षा एकच सर्वसाधारण क्षमता चाचणी घ्या. उतारा वाचून समजतो का, आकड्यांतला क्रम ओळखता येतो का, तर्क चालतो का, एवढं बघा. विषय आपण शिकवू, त्यासाठीच तर बसलोय.

अण्णा खवळले. "चुणचुणीतपणा बघायला कॉलेज कशाला हवं? पुढे पूल बांधायचा आहे, यंत्र चालवायचं आहे, तिथे पाया लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. मामेबहिणीकडे बघितलं की तरुण प्राध्यापक बरोबर वाटायचे. पण विषयाचं एक अक्षर येत नसताना नुसत्या हजरजबाबीपणावर पुढे गेलेली माणसं मी ऑफिसात रोज बघत होते, आणि त्यांनी केलेली कामं निस्तरत होते. प्राचार्यांनी सभा बोलावली आणि सगळ्यात जुने पेपर काढणारे म्हणून अण्णांचं मत आधी ऐकायचं ठरलं. अण्णा बोलतील तिकडे निम्मी सभा जाणार हे उघड होतं. बायकोची भाची परीक्षेला बसणार म्हणून त्या वर्षीचा पेपर काढायला अण्णांनी आधीच नकार दिला होता. मत मात्र द्यायचं होतं. विषयाची परीक्षा राहिली तर पोरीचं कठीण होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी अण्णा त्या सर्वसाधारण चाचणीचा नमुना घेऊन आले. एक प्रत पोरीला दिली, एक आईला. "सोडव गं गंमत म्हणून." दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. आई मधे उठून दूध उतरवून आली. तरीही आधी तिचंच झालं.

अण्णांनी तपासलं. आईचे जवळजवळ सगळे बरोबर होते. पोरीचे निम्मेही नव्हते. असे प्रश्न तिने जन्मात पाहिले नव्हते. एका प्रश्नावर अडली ती तिथेच बसून राहिली, पुढे जायचं असतं हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी टेबलावर थाप मारली. चेहरा खुलला होता. "बघ! हेच मी उद्या सभेत दाखवणार. ज्या बाईने पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही, ती या परीक्षेत पहिली येते! मग कशाला हवीत कॉलेजं? खिडकीत बसवा सगळ्यांना!"

ते चिडवत होते. त्यांना वाटलं, आई नेहमीसारखी हसेल. मला मात्र तेव्हा त्यांचा असा राग आला की कप उचलून आपटावासा वाटला. पोर मान खाली घालून बसली होती.

आईने हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. मग अण्णांच्याच पेपर वाचायच्या सुरात ती म्हणाली, "एक स्थिर कप्पी आणि एक सरकती कप्पी. सरकत्या कप्पीला चाळीस किलोचं ओझं टांगलं आहे. त्या कप्पीचं स्वतःचं वजन चार किलो. ओझं वर उचलण्यासाठी दोराच्या टोकाला किती किलोचा जोर लावावा लागेल?"

अण्णांचं हसू गेलं. "हा माझ्या पहिल्या पेपरातला पहिला प्रश्न. तुझ्यासमोर हा मी कधी वाचलेला नाही. तेव्हा आपलं लग्नही झालं नव्हतं."

"मी बसले होते त्या पेपराला."

पोरीने मान वर केली.

"आमच्याही शाळेत विज्ञानाची जागा रिकामीच होती," आई म्हणाली. "हिच्या वेळेला झाली ती काही नवीन नाही. आम्ही उशांचे अभ्रे शिवले. तरी मी गेले परीक्षेला. पहिला प्रश्न कप्पीचा दिसला आणि मला आनंद झाला हो. घरी विहिरीवर कप्पी होती, माझे हात त्या दोरावरच वाढले होते. पण तुमच्या प्रश्नाला आकृती होती आणि आकृतीत सगळी चिन्हं. बाण, अक्षरं, अक्षरांच्या पायाशी आकडे. कुठला बाण कशाचा ते कळेना. अंदाजाने टाकावं एवढीही अक्कल नव्हती तेव्हा. कोरा ठेवला. मग पुढचाही ठेवला."

"तू सांगितलं नाहीस कधी," अण्णा म्हणाले.

"काय सांगू? बघायला आलात तेव्हा सांगायचं, की तुम्हीच मला नापास केलंत?"

कुणी हसलं नाही.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणता," आई म्हणाली. "पण अहो, आमच्या आडाला दोरच लावला नव्हता कुणी. मग पाणी नाही हे कुणाला नि कसं कळलं?"

अण्णा खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "म्हणजे ती दुसरी परीक्षा बरी. ती असती तर तू आत आली असतीस."

"तिचं तरी काय कौतुक?" आईने पोरीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "मी यात हुशार ठरले ती आयुष्यभर तुमच्यासमोर बसल्यामुळे. मला विषय कधी कळला नाही. मला तुम्ही कळलात. पेपर काढणारे सगळे तुमच्यासारखेच असतात. ही पोर कुणासमोर बसली होती? हिने ओळखायचं कुणाला?"

"मग उद्या मी बोलू काय?"

"मला विचारू नका. मी विचारणाऱ्याकडे बघून उत्तर देते. तुम्हाला हवं तेच माझ्या तोंडातून येईल."

अण्णा त्या कप्पीच्या प्रश्नाचं काहीतरी सांगायला लागले, आणि आईने हात वर करून त्यांना थांबवलं. "उत्तर सांगू नका. इतकी वर्षं मी ते विचारलेलं नाही."

सभेत अण्णा कुठल्याच बाजूने बोलले नाहीत. त्यांनी घरात घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून सगळे गंभीर झाले, दोघांनी रुमाल काढले, आणि मग सभांमध्ये होतं तेच झालं. दोन्ही परीक्षा घ्यायच्या, गुण निम्मे निम्मे. दोन्ही बाजू खूश. दोन चाळण्या एकावर एक ठेवल्या की भोकं मोठी होत नाहीत, हे तिथल्या एकाही विद्वानाला सुचलं नाही.

पोरीचं नाव लागलं नाही.

ती गावी परत निघाली तेव्हा आई कामावर होती. पोर पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर काचेच्या भोकाशी वाकली. मी मागे उभी होते. "आत्या, माझी गाडी कुठली?" तिला गाडी माहीत होती. तिला फक्त आईशी बोलायचं होतं. आणि ज्या बाईने आजवर एकाही माणसाला उत्तराशिवाय पाठवलं नव्हतं, ती बाई काचेमागे गप्प बसून राहिली. मागच्या माणसाने घाई केली तेव्हा तिने नुसता हात बाहेर काढला आणि पोरीचं बोट धरून ठेवलं. मी त्या काचेकडे बघूच शकले नाही.

अण्णांनी पुन्हा पेपर काढला नाही. त्या वर्षाच्या शेवटी ते निवृत्त झाले, आणि निरोपाच्या समारंभात मिळालेली शाल घडी न मोडता कपाटात ठेवून ते आईच्या गावच्या बसमध्ये बसले. शाळेच्या मुख्याध्यापिकांना म्हणाले, "विज्ञानाची जागा भरेपर्यंत मी येत जाईन. फळा आणि खडू द्या." बाईंना आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. मग त्यांनी खडूचा डबा पुढे केला. आठवड्यातून तीन दिवस अण्णा जायला लागले. मामेबहीण शाळा सोडलेली असूनही पहिल्या बाकावर येऊन बसायची. पुढच्या वर्षी कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं, तळाशी का होईना, पण लागलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि अण्णांच्या चुका काढते.

गोष्ट तिची नाही, आईची आहे.

आईही त्याच सुमारास निवृत्त झाली. घरी बसून काय करू, म्हणून अण्णांबरोबर जायला लागली. सुरुवातीला शिक्षकांच्या खोलीत विणत बसायची. मग एके दिवशी विणकाम घेऊनच वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मग विणकाम घरी राहायला लागलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला ते कळलं एकदा अण्णांचा चष्मा घरी राहिला म्हणून. तो घेऊन मी शाळेत गेले आणि वर्गाच्या दाराशी थबकले.

फळ्यावर दोन कप्प्या काढल्या होत्या. बाण होते, पण प्रत्येक बाणाशेजारी तो कशाचा ते शब्दांत लिहिलेलं होतं. खाली चार पर्याय होते: चव्वेचाळीस, वीस, बावीस, चोवीस. अण्णांनी प्रश्न वाचला आणि वळून उभे राहिले. मुली वह्यांत खाली वाकल्या. मला पदार्थविज्ञान येत नाही, पण स्वयंपाकघराच्या दाराशी वाढलेल्या मुलीला एवढं कळतं: वीस, बावीस, चोवीस. मधला.

शेवटच्या बाकावर आई लिहीत होती. मोजे शिवताना जीभ जशी ओठांत धरायची तशी धरली होती. तिने काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मग हात वर केला.

"चोवीस," ती म्हणाली.

दोघी-तिघी मुलींनी वळून पाहिलं. अण्णा खडू हातात धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत एवढ्या सोप्या ठिकाणी तिचं उत्तर चुकलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"कसं काढलंस?" त्यांनी विचारलं.

"ओझं दोन दोरांनी धरलंय, म्हणून चाळीसचं निम्मं वीस. मग कप्पीचे चार मिळवले."

"कप्पीसुद्धा त्याच दोन दोरांना लटकते आहे," अण्णा म्हणाले. "तिचंही निम्मंच घ्यायचं. बावीस."

"अगंबाई, हो की," आई म्हणाली आणि कपाळावर हात मारला. वर्ग हसला, तीही हसली.

अण्णा फळ्याकडे वळले ते तसेच पाठमोरे उभे राहिले. मी आत जाऊन त्यांना चष्मा दिला तेव्हा त्यांनी तो लगेच घातला नाही, आधी बाहीने डोळे पुसले. मग मुलींना सांगितलं, "चोवीस हा पर्याय मी पस्तीस वर्षांपूर्वी घातला होता. ज्याला कप्पी समजली आहे आणि जो शेवटच्या पायरीवर निसटला आहे, त्याच्यासाठी. न शिकलेल्या माणसाला ही चूक करता येत नाही."

परतीच्या बसमध्ये मी आईच्या शेजारी बसले. न राहवून विचारलं, "आई, मधला सांगितला असतास तर बरोबर आला असता. तुला माहीत होतं ना?"

"आकडे बघितल्या बघितल्या माहीत होतं," ती म्हणाली. "पण मला तो ओळखायचा नव्हता गं. मला तो काढायचा होता."